कापायचे की गळू द्यायचे?

पत्र:

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय ४१. मे महिन्यात उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट हार्मोन पॉझिटिव्ह आहे, म्हणजे गाठ शरीरातल्या हार्मोन्सच्या जोरावर वाढते. गाठ मोठी असल्यामुळे आधी केमो आणि मग ऑपरेशन असं ठरलंय. चार डोस ए.सी.चे, म्हणजे केमोच्या दोन औषधांच्या जोडीचे, तीन-तीन आठवड्यांनी, आणि मग पॅक्लीचे, म्हणजे पॅक्लिटॅक्सेलचे बारा, दर आठवड्याला. पहिला डोस पुण्यात १५ जूनला झाला. आज आठवा दिवस. माझे केस कमरेपर्यंत आहेत. डॉक्टर म्हणाले, सगळे जातील. मिस्टर म्हणतात, केसांचं काय घेऊन बसलीस, जीव वाचतोय ते बघ. हवं तर मीही तुझ्याबरोबर गोटा करतो. सासूबाई म्हणतात, सवाष्णीनं डोकं भादरायचं नसतं, जायचे तेव्हा आपोआप जाऊ देत. मुलगी सात वर्षांची आहे, माझी वेणी मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नाही. तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. कॅन्सर कळला तेव्हा मी रडले नाही आणि आता केसांसाठी रडू येतं, याची फार लाज वाटते. कापू की गळू देऊ? परत येतील तर कसे येतील? कोणी कांद्याचा रस लाव म्हणतं, कोणी बायोटिन घे म्हणतं. परत आल्यावर दोन-तीनदा गोटा केला की दाट येतात, हे खरं का? कृपया नाव छापू नका.

उत्तर:

नमस्कार.

नाव छापत नाही, गावाचंही छापत नाही. हे उत्तर अंकात यायचं तेव्हा येईल. तुम्हाला मात्र आजच पाठवतेय, कारण तुमच्या हातात जेमतेम आठवडा आहे.

आधी त्या लाजेबद्दल. नऊ वर्षांपूर्वी मला हाच आजार झाला आणि औषधंही जवळपास हीच होती. बायॉप्सीचा रिपोर्ट मी विजेचं बिल वाचावं तसा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि येताना भाजी घेऊन घरी आले. रडले ते नंतर, बाथरूमच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता बोटानं काढताना. तेव्हा मलाही वाटलं होतं, आपण किती उथळ आहोत. आज तसं वाटत नाही. गाठ आत असते, ती सोनोग्राफीवाल्याला दिसते. केस आपण रोज आरशात बघतो, आणि आपल्याही आधी शेजारीण बघते. शिवाय बाईच्या केसांवरून किती जणींचे हात फिरलेले असतात! रविवारी तेल चोळणारी आई, शाळेत जाताना रिबिनी आवळून बांधणारी मोठी बहीण, लग्नात खोपा घालणारी आत्या. तुमच्या बाबतीत तर रोज रात्री एक छोटी मूठ. हे सगळं एकदम जातंय म्हटल्यावर रडू येणारच. येऊ द्या. मोठ्या दुःखाला रडला नाहीत म्हणून लहान दुःखाला रडायचा हक्क नाही, असं काही नसतं. आणि हे लहान आहे असं मी तरी म्हणणार नाही.

मिस्टर जे म्हणतात ते प्रेमापोटी म्हणतात, त्यांना दुसरं काही सुचत नसणार. पण ‘केसांचं काय घेऊन बसलीस’ म्हटल्यावर तुम्हाला पुढे बोलायला जागाच उरत नाही. हे त्यांना सांगा. ‘परत येतील हे मला माहीत आहे. आत्ता जाताहेत त्याचं वाईट वाटतंय. काही बोलू नका, पाच मिनिटं नुसते बसा.’ इतकं स्पष्ट सांगितलं की बहुतेक नवऱ्यांना जमतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. माझं उत्तर आहे, कापा. आणि याच आठवड्यात कापा.

का, ते सांगते. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. कॅन्सरच्या पेशी तशा वाढतात आणि केसांच्या मुळातल्या पेशीही. कुठल्याही दिवशी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात, त्यामुळे एका डोसाचा फटका जवळजवळ सगळ्यांना एकदमच बसतो. केस मुळाशी बारीक आणि ठिसूळ होतो आणि दोन ते तीन आठवड्यांत तुटून किंवा सुटून हातात येतो. म्हणजे तुमच्या हिशेबानं साधारण २९ जूनपासून पुढे, दुसऱ्या डोसाला जाईपर्यंत. ए.सी.मधलं ते लाल रंगाचं औषध आणि नंतरचं पॅक्लिटॅक्सेल, ही दोन्ही केस घालवण्यात पुढे असलेली औषधं आहेत. डॉक्टर तुम्हाला घाबरवायला बोलले नाहीत. सगळ्याच केमोत असं होत नाही. काही औषधांनी केस नुसते विरळ होतात, काहींनी जातही नाहीत. तेव्हा वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस शाबूत दिसले तर तिचं औषध कमी पॉवरचं आणि आपलं जास्त, किंवा केस गेले म्हणजे औषध लागू पडलं, असली गणितं मांडू नका. केसांवरून गाठीचं काहीही कळत नाही.

माझा सोळावा दिवस होता. दोन दिवस आधीपासून टाळू दुखत होती. दिवसभर घट्ट बांधलेली वेणी संध्याकाळी सोडली की मुळं ठणकतात ना, तसं. पण वेणी न घालताच. उशीला डोकं टेकवलं तरी टोचायचं. ही खूण लक्षात ठेवा, ती आली की केस दोन-तीन दिवसांत सुटतात. मग एका सकाळी उशीवर केस, आमटीत केस, मुलाच्या दप्तराला चिकटलेले केस. लांब केस सुटले की खाली पडत नाहीत, उरलेल्या केसांत अडकतात, त्यांची जटेसारखी गाठ होते आणि ती कुठल्याच कंगव्याला दाद देत नाही. मी पाच दिवस तशीच बसले होते, कारण कुणी तरी मलाही सांगितलं होतं, ‘जायचे तेव्हा जातील.’ त्या पाच दिवसांनी मला जेवढं रडवलं, तेवढं नंतरच्या टकलानं रडवलं नाही. तुम्ही त्या पाच दिवसांतून जावं असं मला वाटत नाही.

दोन टप्प्यांत कापा. आत्ता, या आठवड्यात, केस नीट धुऊन पूर्ण वाळवा, वेणी घाला, वरून आणि खालून रबर लावा आणि वरच्या रबराच्या वर कात्री चालवून अख्खी वेणीच उतरवून घ्या. ती जपून ठेवा, तिचा उपयोग पुढे सांगते. उरलेल्या केसांचा बॉयकट करून घ्या. गावातल्या पार्लरवालीला घरी बोलावलंत तर उत्तम, चार बायकांसमोर पार्लरच्या आरशात हे बघायला नको. आठवडाभर लहान केसांची सवय होते, घरच्यांनाही होते. दुसरा टप्पा टाळू दुखायला लागली किंवा उशीवर केस दिसले की. तेव्हा ट्रिमर.

वस्तरा मात्र कुणाला लावू देऊ नका. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, प्लेटलेटही घसरलेल्या असू शकतात. एरवी लक्षातही येणार नाही असा बारीक काप तेव्हा चिघळतो. ट्रिमर घरचाच, ब्लेड स्पिरिटनं पुसलेलं, आणि अगदी कातडीलगत न फिरवता मिलिमीटर-दोन मिलिमीटर राहू द्यायचे. ते खुंट नंतर झडतात आणि झडताना फार टोचतात. कपड्यांवरचे केस काढायचा चिकट रोलर मिळतो, तो हलक्या हातानं डोक्यावर फिरवला की निघून येतात. हे मला केमो वॉर्डातल्या एका सिस्टरनी सांगितलं होतं आणि त्या रात्री मी आठवड्यानंतर पहिल्यांदा नीट झोपले. पेशींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, अंगात ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा. सकाळची वाट बघायची नाही.

काही मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांत डोक्याला गार टोपी घालून केमो देतात, हे तुमच्या कानावर येईल. थंडीनं टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध मुळांपर्यंत कमी पोचतं, आणि काही बायकांचे बरेचसे केस वाचतात. पण ते पहिल्या डोसापासून करावं लागतं, दर वेळी डोसाच्या आधी आणि नंतरही टोपी डोक्यावर ठेवून बसावं लागतं, आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. तुमची ती वेळ गेली आहे, तेव्हा त्याची हळहळ करू नका, ए.सी.च्या औषधांवर त्याचा गुण तसाही कमी येतो. ज्यांची केमो अजून सुरू व्हायची आहे त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. घरी बर्फाच्या पिशव्या बांधून मात्र हा प्रयोग कुणीही करू नये, कातडी गोठून जखम होते.

आता सासूबाई. मला त्यांचा राग येत नाही, तुम्हीही धरू नका. त्या ज्या पिढीच्या आहेत, त्या पिढीनं आपल्या आजीला किंवा आजेसासूला आलवणात, म्हणजे केस काढलेल्या विधवेच्या लुगड्यात, बघितलेलं असू शकतं. डोक्यावर केस नसलेली बाई म्हणजे काय, हे त्यांच्या मनात लहानपणी बसलेलं आहे आणि सून समोर तशी बसलेली त्यांना बघवत नाही, कारण त्या चित्राबरोबर त्यांना स्वतःच्या मुलाची काळजी वाटते. ‘भादरायचं नसतं’ म्हणतात त्याच्या खाली ही भीती आहे. त्यांच्याशी बोलताना केशवपनाची गोष्टच काढा. ती रूढी बायकांवर लादलेली होती, आणि ती मोडायला नाभिकसुद्धा पुढे आले होते. १८९० साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. आपलं गिऱ्हाईक, आपलं उत्पन्न सोडून! तेव्हा बाईच्या केसांवर कात्री कधी चालवायची हे बाईनंच ठरवायचं, हे आपल्याकडे काही आज आलेलं नाही. तुम्ही शिक्षिका आहात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. आणि सांगून झालं की त्यांना एक काम द्या. कापण्याआधीचं शेवटचं न्हाणं त्यांच्या हातचं घ्या. कोमट पाणी, साधा सौम्य शाम्पू, शिकेकाई-रिठा आता नको, टाळूला चरचरेल. माझ्या आईनं मला तसं न्हाऊ घातलं होतं. आम्ही दोघीही काही बोललो नाही, पण त्यानंतर तिनं पुन्हा कधी ‘कशाला कापतेस’ म्हटलं नाही.

मिस्टरांचा गोटा मला नको वाटतो. भावना चांगली आहे, पण आपल्याकडे पुरुष गोटा करतो तो आई किंवा बाप गेल्यावर. त्यांची आई घरात बसलेली आहे. एकाच महिन्यात सुनेचं आणि मुलाचं अशी दोन डोकी त्या माउलीला दाखवू नका. त्यापेक्षा ट्रिमर त्यांच्या हातात द्या. मागची बाजू तुम्हाला दिसणार नाही, ती त्यांनी करायची.

मुलीला या दोन-तीन दिवसांतच सांगा, वेणी उतरवण्याच्या आधी. सात वर्षांच्या पोराला घरात काही तरी चाललंय हे केव्हाच कळलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं, आणि मग ते स्वतःच काहीबाही जुळवतं. आईला माझ्यामुळे बरं नाही, मी वेणी ओढली म्हणून केस गेले, असंसुद्धा. आजाराचं नाव घ्या, नुसतं ‘बरं नाही’ म्हणू नका. नाही तर पुढच्या वेळी तिला साधी सर्दी झाली तरी तिला केसांची धास्ती वाटेल. ‘आईला कॅन्सर नावाचा आजार झालाय. तो शिवून किंवा जवळ झोपून कुणाला होत नाही, तुझ्यामुळेही झालेला नाही. औषध जोरदार आहे, त्यानं केस जातील. औषध संपलं की परत येतील.’ इतकं पुरे. ती विचारेल, ‘तू मरणार का?’ मुलं सरळ विचारतात. ‘मरू नये म्हणूनच औषध घेतेय, आणि काही वेगळं झालं तर मी तुला आधी सांगेन’ असं म्हणा. ‘मुळीच नाही’ असं वचन देऊ नका, पण तोंडही फिरवू नका.

आणि ती मूठ. वेणी उतरवताना कानामागून बोटभर जाडीची एक वेगळी बारीक वेणी घाला, दोन्ही टोकं दोऱ्यानं गच्च बांधा, आणि ती तिला द्या. पहिली कात्री तिला चालवायची असेल तर चालवू दे, नको असेल तर आग्रह नको. ती वेणी ती रात्री उशाला घेईल, किंवा चार दिवसांत विसरून जाईल आणि तुमचा कान धरून झोपायला लागेल. दोन्ही चालेल.

मोठ्या वेणीचं आता सांगते. आपल्या आज्या गंगावन लावायच्या, आठवतं? तीच युक्ती. मऊ सुती टोपी शिवून घ्या, मलमलची किंवा जुन्या साडीची, आणि वेणी तिच्या मागच्या कडेला आतून टाचून घ्या. वर ओढणी किंवा स्कार्फ बांधला की पाठीवर तुमचीच वेणी, तुमच्याच केसांची. विग बनवणारे कारागीर स्वतःच्या केसांची पुढची झालरही टोपीला शिवून देतात. विग घ्यायचाच असेल तर केस कापायच्या आधी एकदा जाऊन या, म्हणजे रंग आणि भांग जुळवता येतो. कृत्रिम धाग्याचा विग काही हजारांत मिळतो, खऱ्या केसांचा बराच महाग पडतो. दान केलेल्या केसांचे विग रुग्णांना मोफत देणाऱ्या संस्थाही आहेत. तुमच्या हॉस्पिटलच्या सोशल वर्करना विचारा, त्यांच्याकडे पत्ते असतात. मी कृत्रिम विग घेतला होता. पहिल्याच आठवड्यात फुलका फुगवताना वाकले आणि पुढची बट आक्रसून नायलॉनच्या दोऱ्यासारखी कडक झाली. गॅस, कुकरची वाफ, देवापुढचं निरांजन, आरतीचं ताट, या सगळ्यांपासून तो लांब ठेवायचा. शेवटी मी विग लग्नाकार्यापुरता ठेवला आणि बाकी वर्षभर सुती रुमालच वापरले. सिंथेटिक स्कार्फ टकलावरून घसरतो आणि घाम धरतो. थंडी सुरू झाली की रात्री कानटोपी लागेल. केसांनी किती ऊब असते हे ते गेल्यावरच कळतं. आणि भर दुपारी डोकं उघडं ठेवून बाहेर जाऊ नका, ती कातडी उन्हाला सवयीची नसते.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण डोसांच्या मधल्या बऱ्या दिवसांत जाणार असाल तर वर्गाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. ‘औषधामुळे बाईंचे केस गेलेत, परत येणार आहेत, चला पुस्तकं काढा.’ मुलं एक दिवस बघतात. मोठ्यांचंच कठीण असतं. ‘तिरुपतीला जाऊन आलात का?’ असं कुणी ना कुणी विचारतंच. त्या वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून आधीच ठरवून ठेवा. मी ‘नाही, केमो चालू आहे’ एवढंच म्हणायची आणि समोरच्याकडे बघत राहायची. पुढचा प्रश्न क्वचितच यायचा.

एका गोष्टीसाठी मन तयार ठेवा, कारण ती मला कुणीच सांगितली नव्हती. भुवया आणि पापण्या डोक्याच्या केसांबरोबर जात नाहीत, मागाहून जातात, बहुतेक पॅक्लीच्या काळात. म्हणजे गौरी-गणपतीपासून नवरात्रापर्यंत कधीही. डोक्याला रुमाल बांधता येतो, पण भुवया नसलेला चेहरा आजारी दिसतो, ओळखीचा वाटत नाही. आत्ताच, भुवया जागेवर असताना, चेहऱ्याचा समोरून जवळून एक फोटो काढून ठेवा. पुढे पेन्सिलीनं भुवई काढताना कुठून सुरू होते आणि कुठे वळते हे त्यावरून बघता येतं. काळी पेन्सिल नको, तपकिरी घ्या, आणि एकच रेघ न ओढता बारीक बारीक केसांसारख्या रेघा मारा. टिकलीच्या गोंदानं कपाळ लाल झालं तर काही महिने कुंकवाची पेन्सिल वापरा. पापण्या नसल्या की धूळ सरळ डोळ्यांत जाते, गाडीवरून जाताना चष्मा लावा. नाकातले केसही जातात आणि नाक सारखं गळतं. सर्दी समजून घाबरू नका. दिलासा इतकाच की पापण्या आणि भुवयाही परत येतात.

कांद्याचा रस लावू नका. नाजूक झालेल्या टाळूची त्यानं आग होते, पुरळ उठतं, आणि या औषधांपुढे तो काही वाचवत नाही. खोबरेल तेलाचा हलका हात चालेल, कडकडीत तेलमालीश नको. टाळूवर पुटकुळ्या आल्या तर घरचा लेप न लावता डॉक्टरांना दाखवा. बायोटिनबद्दल मात्र मला जरा कडक बोलायचंय. त्याच्या जास्त ताकदीच्या गोळ्या रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतात, थायरॉइडचे आणि हृदयाच्या ट्रोपोनिनचेसुद्धा. तुमच्या लाल औषधात हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. अशा वेळी रिपोर्ट चुकीचा येणं परवडणारं नाही. तेव्हा डॉक्टरांना न सांगता कुठलीच गोळी, कुठलाच काढा नाही. केस उगवायला लावायचं मिनॉक्सिडिलही आत्ताचं गळणं थांबवत नाही. त्याचा विचार केमो संपल्यावर, तोही विचारून.

परत कसे येतील, ते आता. डोसांच्या तारखा पुढे सरकल्या नाहीत तर तुमचा शेवटचा पॅक्ली नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो. काहींना पॅक्ली चालू असतानाच लव दिसायला लागते. नाही तर शेवटच्या डोसानंतर महिना-दीड महिन्यानं, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, तुमच्या डोक्यावर जावळ असेल. अगदी तान्ह्या बाळासारखं, मऊ, पांढुरकं, दिशा नसलेलं. मुलीला हात फिरवायला द्या, तिला फार आवडेल. त्यानंतर केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, कधी थोडे जास्त, अशा नेहमीच्या वेगानं वाढतात. होळीपर्यंत इंचभर, त्याच्या पुढच्या दिवाळीत कान झाकतील, चाप बसेल. कमरेपर्यंत यायला पाच-सहा वर्षं. हे ऐकून वाईट वाटेल, पण ‘लगेच येतात’ असं सांगून तुम्हाला पुढच्या गुढीपाडव्याला आरशासमोर फसवल्यासारखं वाटावं, अशी माझी इच्छा नाही.

येतील ते कदाचित तुमच्या ओळखीचे नसतील. सरळ केस गेलेल्या कित्येक जणींना कुरळे येतात, कारण मूळ सावरत असताना केसाचा आकार बदलतो. पांढरे किंवा राखाडी येतात, कारण रंग देणाऱ्या पेशी मागून जाग्या होतात. बऱ्याच जणींचं हे वर्षभरात हळूहळू बदलतं. माझे मागे कुरळे आणि पुढे सरळ असे दीड वर्ष होते.

आणि तो गोटा, जावळ आल्यावर पुन्हा पुन्हा करायचा. नका करू. हा समज आपल्याकडे घरोघरी आहे, पण वस्तरा फिरतो तो कातडीच्या वर आणि केस किती दाट येणार हे ठरतं कातडीच्या खाली. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं, इतकंच. प्रत्येक गोट्याबरोबर तुमचे दोन-तीन महिने वाया जातील. मानेवर वेडेवाकडे वाढले तर तेवढेच कापून सारखे करा. केसांचा रंग किंवा मेंदी पाच-सहा महिने तरी लांब ठेवा, आणि काळी मेंदी म्हणून जी मिळते ती तर नकोच, तिच्यात रसायन असतं आणि टाळूला त्याची जोरदार ॲलर्जी होऊ शकते.

ऑपरेशननंतर छातीला रेडिएशन द्यावं लागलं तर त्यानं डोक्याचे केस जात नाहीत. जिथे किरण पडतात तिथलेच जातात. पण तुमचा रिपोर्ट हार्मोन पॉझिटिव्ह आहे, म्हणजे पुढे पाच वर्षं किंवा अधिक काळ गोळी असेल. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी काही जणींचे केस, विशेषतः भांगाजवळचे, विरळ राहतात. टक्कल पडत नाही, पण पूर्वीची जाडी येत नाही. मी हे मुद्दाम आत्ताच लिहितेय, कारण आमच्या गटात एक जण केसांसाठी गोळी कुणालाही न सांगता बंद करून बसली होती. तसं कधीही करू नका. केस विरळ वाटले तर डॉक्टरांना सांगा, लोह, थायरॉइड, ड जीवनसत्त्व तपासून घ्या, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गोळी बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. शेवटच्या डोसाला सहा महिने होऊन गेले आणि तरीही टाळू स्वच्छ दिसत राहिली, तरी त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचंच. असं थोड्या जणींच्या बाबतीत होतं, पॅक्लीपेक्षा त्याच घराण्यातल्या डोसेटॅक्सेलनंतर जास्त, आणि लवकर गेलं तर काही करता येतं.

वर मांडलेल्या हिशेबानं अजून आठवडाभर तरी तुमचे केस जागेवर आहेत. मग रविवारी न्हाणं ठेवा. खाली जुनी चादर पसरा. आम्ही वर्तमानपत्रं पसरली होती आणि पंखा चालू राहिला होता. आई पुढे आठवडाभर कोपऱ्याकोपऱ्यांतून केस वेचत होती, मला दिसू नयेत म्हणून मी झोपल्यावर. तेव्हा पंखा बंद करा, दारं लावून घ्या. आणि ट्रिमर आणून आत्ताच चार्ज करून ठेवा, पावसाळा आहे, तुमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही.